धावेवाचून झेप



जमिनीवर एक रेघ आखावी आणि तिला दोन्ही पावले लावून उभे राहावे. मागे सरायचे नाही, धावत यायचे नाही. गुडघे वाकवून, हात मागून पुढे झोकून, आहे त्या जागेवरून उडी घ्यावी. जबलपूरच्या नेपियर टाउनमधील भंवरताल उद्यानात काय, किंवा आपल्या गावच्या शाळेच्या पटांगणात काय, मुले हा खेळ सहज खेळतात. धडधाकट तरुण अशा उडीत सात-आठ फूट अंतर तोडतो. या साध्या उडीची एके काळी ऑलिंपिकमध्ये स्पर्धा होत असे, आणि त्या स्पर्धेत ज्यांना एकदाही कोणी हरवू शकले नाही, ते गृहस्थ बालपणी चालूही शकत नव्हते. त्यांचे नाव रे यूरी.

रेमंड क्लॅरेन्स यूरी यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८७३ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, लाफायेट या गावी झाला. लहानपणीच रे पोरका झाला. त्यातच त्याला पोलिओने गाठले. पायांतील शक्ती गेली आणि चाकांची खुर्ची हेच त्याचे जग झाले. हा मुलगा जन्मभर पांगळा राहील, अशी भीती भोवतालच्यांना वाटत होती. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. प्रतिबंधक लस तर १९५५ साली, म्हणजे रेच्या जन्मानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी आली.

रेने पायांचा व्यायाम सुरू केला. वाचकहो, या वाक्यापाशी आपण क्षणभर थांबावे. चरित्रात एका ओळीत मावणारी ही गोष्ट प्रत्यक्षात कित्येक वर्षे चालली होती. आज केलेल्या कष्टाचे फळ उद्या दिसत नाही, परवाही दिसत नाही, तरी तेरवा पुन्हा तोच व्यायाम करायचा. मुलगा आधी उभा राहिला, मग चालला, मग उड्या मारू लागला. जे पाय सर्वांत दुबळे होते, तेच पुढे त्याच्या शरीरातील सर्वांत बलवान अवयव ठरले.

१८९० साली यूरी यांनी आपल्याच भागातील पर्ड्यू विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे ते यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि विद्यापीठाच्या मैदानी खेळांच्या संघाचे नायकही झाले. नंतर ते न्यूयॉर्कला आले आणि तेथील अॅथलेटिक क्लबकडून खेळू लागले. पुढे त्या महानगरात त्यांनी जलअभियंता म्हणून नोकरी केली. खेळ हा त्यांचा पोटाचा धंदा कधीच नव्हता.

१९०० साली पॅरिसला ऑलिंपिक सामने भरले. बुलोन्यच्या उपवनात, हिरवळीवर आणि झाडांच्या सावलीत हे मैदानी सामने झाले. कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी याच सामन्यांत दोनदा दुसरा क्रमांक मिळवला, हे आपणां भारतीयांना ठाऊक असावे. येथे आपल्या वाचकांना विचार करायला लावील असा एक प्रसंगही घडला. काही अंतिम सामने १५ जुलैला, रविवारी ठेवले होते आणि अनेक अमेरिकन खेळाडूंनी प्रभूच्या दिवशी खेळण्यास नकार दिला. मायर प्रिन्स्टाइन हा खेळाडू धर्माने यहुदी होता, परंतु मेथडिस्ट पंथीयांनी स्थापलेल्या सिराक्यूज विद्यापीठाचा विद्यार्थी असल्यामुळे त्यालाही रविवारी खेळण्याची मनाई झाली. धावत येऊन मारण्याच्या लांब उडीत त्याचा पहिला क्रमांक अवघ्या एका सेंटिमीटरने हुकला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो तिहेरी उडीत पहिला आला.

त्याच सोमवारी, १६ जुलै १९०० रोजी, सव्वीस वर्षांचे रे यूरी मैदानात उतरले. जागेवरून उंच उडी, जागेवरून लांब उडी आणि जागेवरून तिहेरी उडी अशा तीन स्पर्धा होत्या. तिन्ही त्यांनी एकाच दिवशी जिंकल्या. उंच उडीत त्यांनी १ मीटर ६५ सेंटिमीटरवरची दांडी ओलांडली. एक पाऊलही न धावता, उभ्या जागेवरून, बऱ्याच माणसांच्या डोक्याएवढी ही उंची! पाहणाऱ्या फ्रेंच लोकांनी कौतुकाने त्यांना बेडकाची उपमा दिली.

चार वर्षांनी सेंट लुईस येथे त्यांनी पुन्हा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. तेथील त्यांची लांब उडी ३ मीटर ४७ सेंटिमीटर, म्हणजे अकरा फुटांहून अधिक भरली. तो जागतिक विक्रम ठरला आणि १९३०च्या दशकात या उडीचे विक्रम नोंदवणेच बंद झाले, तोवर मोडला गेला नाही. १९०४ नंतर जागेवरून तिहेरी उडी ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. उरलेल्या दोन स्पर्धा त्यांनी १९०६ साली अथेन्सला आणि १९०८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, लंडनला जिंकल्या. अथेन्सचे सामने आज अधिकृत ऑलिंपिक मानले जात नाहीत. ते सोडले तरी आठ वेळा मैदानात उतरून आठही वेळा पहिला क्रमांक, असा हा हिशेब आहे. वैयक्तिक स्पर्धांतील सुवर्णयशाचा त्यांचा हा विक्रम जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांनी २००८ साली मागे टाकला. म्हणजे तो पूर्ण शंभर वर्षे टिकला.

१९१२ च्या स्टॉकहोम सामन्यांनंतर जागेवरून मारायच्या उड्या ऑलिंपिकमधून कायमच्या गेल्या. यूरी यांनी तत्पूर्वीच निवृत्ती पत्करली होती. २९ सप्टेंबर १९३७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ज्या खेळात ते अजिंक्य होते, तो खेळच नाहीसा झाल्यामुळे त्यांचे नावही हळूहळू लोकांच्या ओठांवरून गेले. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिताना खेळाडूंच्या नाशवंत मुकुटाचा दाखला दिला आहे. तो किती यथार्थ आहे, हे या चरित्रावरून पटते. येथे मुकुट तर कोमेजलाच, ज्या मैदानावर तो मिळाला ते मैदानही मिटले.

मग वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्रयत्न केला की सर्व काही साध्य होते, एवढाच धडा घेतला तर तो अपुरा होईल आणि थोडा निष्ठुरही. रे यूरी यांच्याइतकेच कष्ट करूनही ज्यांच्या पायांत बळ आले नाही अशी असंख्य माणसे होऊन गेली. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. यासाठी देवाचे उपकार मानावेत तेवढे थोडे. परंतु त्यापूर्वी ज्यांना हा आजार झाला, ते आपले बंधुभगिनी आजही कुबड्या घेऊन, पायांत पट्ट्या बांधून आपल्यामध्ये वावरत आहेत. त्यांची इच्छाशक्ती उणी पडली असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? जन्मांध मनुष्याला पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभू येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. तरीही तो प्रश्न आपल्या घरांत, कधी कधी मंडळीतही, दबक्या आवाजात विचारला जातोच.

सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसलेला पांगळा माणूस एका क्षणात उडी मारून उठला. रे यूरी यांना उठायला वर्षे लागली. कोणी कधीच उठत नाही. देवाची प्रीती या तिघांना वेगवेगळ्या मापाने मोजत नाही, आणि आपणही मोजू नये. पेत्राने तेथे आधी काय केले ते आठवावे: त्याने त्या माणसाचा उजवा हात धरला. बरे करणे आपल्या हाती नसले, तरी हात धरणे निश्चित आपल्या हाती आहे. नागपूर, मिरज, जालना वा जबलपूर, आपले मंदिर कोठेही असो, त्याच्या पायऱ्या चढता न आल्यामुळे कोणी उपासनेला मुकत असेल, तर तेथे एक उतार बांधणे हीसुद्धा सुवार्ताच आहे.

आणि ज्यांना आयुष्याने धाव घेण्यास जागाच दिली नाही, त्यांच्यासाठी या चरित्रात एक दिलासा आहे. कोणाला पैशाची धाव मिळते, कोणाला घराण्याची, कोणाला आईबापांच्या छायेची. रे यूरी यांना यांपैकी फारसे काही लाभले नाही. त्यांच्या वाट्याला आली ती उभे राहण्यापुरती जागा, आणि तीही त्यांना कष्टाने मिळवावी लागली. आपण मागे किती धावून आलो, हे प्रभू विचारीत नाही. आज आपण जेथे आहोत, तेथूनच तो आपणांस बोलावतो.