एक्स्प्लेनर : सिंदखेडच्या नावात ‘राजा’ कुठून आला? लखुजी जाधवरावांची गोष्ट आणि आपलं रोजचं ‘काय राव!’

बुलढाणा जिल्ह्यात दोन तालुक्यांच्या नावातच ‘राजा’ आहे. एक सिंदखेड राजा, दुसरा देऊळगाव राजा. एसटीच्या पाटीवर, सातबाऱ्यावर, समृद्धी महामार्गावरच्या फलकावर हा राजा दिसतो आणि आपण तो न थांबता वाचून पुढे जातो.

बोलण्यात तर तो त्याहून जास्त आहे. वऱ्हाडात चहाच्या टपरीवर चार जण बसलेले असले की पाचवा येऊन ‘राजेहो’ म्हणतो. चौघांपैकी एकाकडेही राज्य नसतं. पोळ्याला बैलजोडी सजते ती सर्जा-राजाची. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम ‘राव’ करतो. बस चुकली तरी ‘काय राव’, मॅच हरली तरी ‘काय राव’.

एकेकाळी हे शब्द मिळवण्यासाठी माणसं जीव द्यायची आणि घ्यायचीही. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचं आयुष्य हे त्याचं आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला सिंदखेड राजात पाय ठेवायला जागा नसते. जिजाऊ सगळ्यांना माहीत असतात. त्यांचे वडील मात्र बहुतेकांच्या लेखी ‘जिजाऊंचे वडील’ एवढ्यावरच थांबतात.

लखुजी खरंच राजे होते का?

स्वतंत्र राज्याचे, राज्याभिषेक झालेले राजे, या अर्थाने नाही. ते अहमदनगरच्या निजामशाहीतले मोठे सरदार होते. (हैदराबादचा निजाम वेगळा. ती गादी जवळपास शंभर वर्षांनी आली. दोन्हींची गल्लत व्हॉट्सअ‍ॅपवर रोज होते म्हणून आधीच सांगितलं.)

त्या काळात एका सरदाराच्या नावाला तीन वेगवेगळ्या गोष्टी चिकटलेल्या असायच्या. त्या सुट्या केल्या की पुढची गोष्ट सोपी होते.

पहिली वतन. लखुजींकडे सिंदखेड परगण्याची देशमुखी होती. देशमुख म्हणजे परगण्याचा वंशपरंपरागत वतनदार. गावागावांतून सारा वसूल करायचा, बंदोबस्त ठेवायचा, त्याबदल्यात हक्काचा वाटा घ्यायचा. सुलतान बदलला तरी देशमुख सहसा तोच राहायचा. पुढे वतनं गेली आणि आडनाव राहिलं. हे पद होतं, जात नव्हे, म्हणूनच देशमुख आडनाव आज अनेक जातींत आणि मुस्लिम कुटुंबांतही सापडतं.

दुसरी मनसब. म्हणजे लष्करी हुद्दा, आणि तो आकड्यात. मोगलांकडे त्याचे दोन भाग होते. ‘जात’ या आकड्यावरून माणसाचा दर्जा आणि पगार ठरायचा, ‘स्वार’ या आकड्यावरून त्याने किती घोडेस्वार बाळगायचे ते. कंपनीतल्या ‘ग्रेड’ आणि ‘टीम साइज’सारखं समजा. मनसब मालक देतो आणि मालकच काढून घेतो.

तिसरा किताब. राव, राजे, खान, मलिक. यात पैसा नसतो, मान असतो. ‘राव’ हा ‘राजन्’ या संस्कृत शब्दाचाच झिजून झालेला नातेवाईक आहे, ‘राय’ही तसाच. म्हणून ‘जाधवराव’ हे नाव मोगलांच्या फारसी लिखाणात ‘जादो राय’ असं भेटतं. माणूस तोच.

गंमत म्हणजे या गोष्टीत जवळपास प्रत्येक जण पदवीच्या नावाने ओळखला जातो. निजामशाही हे नाव मूळ पुरुषाच्या वडिलांना मिळालेल्या ‘निजाम-उल-मुल्क’ या किताबावरून आलं. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी पुढे त्या राज्याचा सर्वेसर्वा झाला, तो मलिक अंबर. ‘मलिक’ म्हणजे अरबीत राजाच.

जाधव घराणं एवढं वजनदार कसं?

जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज सांगत. देवगिरी म्हणजेच दौलताबाद. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी तिथेच यायचं आहे.

सिंदखेड मोक्याच्या जागी होतं. एका बाजूला मराठवाडा, दुसऱ्या बाजूला वऱ्हाड. उत्तरेकडून मोगल दख्खनेत उतरू लागले तेव्हा हा टापू सरहद्दीचा झाला. सरहद्दीवरच्या सरदाराला दोन्हीकडून मागणी असते आणि दोन्हीकडून संशयही. लखुजींच्या आयुष्याचं गणित या एका ओळीत मावतं.

पत्नी म्हाळसाबाई. मुलं दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादूरजी. मुलगी जिजाऊ, जन्म १२ जानेवारी १५९८, सिंदखेडच्या राजवाड्यात. मुंबई-नागपूर जुन्या रस्त्यालगत हा वाडा आजही उभा आहे. गावातला रंगमहाल, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव हे बघायला अर्धा दिवसही पुरत नाही. बाहेरचा पाहुणा मात्र वाड्यासमोर सेल्फी घेऊन पुढे निघतो.

लग्नाआड पदवी आली होती?

बखरींतली गोष्ट अशी. रंगपंचमीचा दिवस, लखुजींच्या घरी मंडळी जमलेली. मालोजी भोसले आपल्या लहान शहाजीला घेऊन आलेले. दोन्ही मुलं एकमेकांवर रंग उडवायला लागली, तेव्हा लखुजी कौतुकाने म्हणून गेले की जोडा शोभतो. मालोजींनी तिथल्या तिथे सभेला साक्षी ठेवून सोयरीक ठरल्याचं जाहीर केलं. लखुजींना, त्यांच्या घरच्यांना तर जास्तच, ते खटकलं. कारण भोसल्यांचा दर्जा तेव्हा जाधवांपेक्षा खाली होता.

मग मालोजींना निजामशाहाकडून मोठी मनसब आणि ‘राजे’ हा किताब मिळाला आणि १६०५च्या सुमारास लग्न झालं.

रंगपंचमीचा प्रसंग जसाच्या तसा घडला, असं मानायला बरेच अभ्यासक तयार नाहीत. बखरी नंतर लिहिल्या गेल्या आणि त्यांना नाट्य आवडतं. पण गोष्ट ज्या पायावर उभी आहे तो खोटा वाटत नाही. दोन घराण्यांच्या मध्ये एका शब्दाची भिंत होती आणि तो शब्द मिळाल्यावर ती पडली. आज बायोडेटात पॅकेजचा रकाना असतो, तेव्हा किताबाचा होता.

व्याही एकमेकांचे वैरी कसे झाले?

एका हत्तीमुळे, असं म्हणता येईल.

निजामशाही दरबार सुटला होता. सरदार आपापल्या लवाजम्यानिशी बाहेर पडत होते. गर्दीत खंडागळे या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवू लागला. लखुजींचा मुलगा दत्ताजी हत्तीला आवरायला त्याच्यावर शस्त्र घेऊन धावला. खंडागळ्यांना तो आपल्या इभ्रतीवरचा हल्ला वाटला. त्यांच्या मदतीला शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी आणि खेळोजी भोसले आले. हत्ती बाजूला राहिला, माणसंच एकमेकांवर तुटून पडली. संभाजीच्या हातून दत्ताजी मारला गेला.

पुढे निघून गेलेल्या लखुजींना ही बातमी कळली. ते परत फिरले. मुलगा गेलेला, समोर जावई शहाजी. त्या चकमकीत शहाजीराजे जखमी झाले आणि लखुजींच्या हातून संभाजी ठार झाला.

जिजाऊंच्या जागी उभं राहून हा दिवस बघा. भाऊ सासरच्या माणसाने मारला. सासरचा दीर वडिलांनी मारला. नवरा जखमी आहे, तो वडिलांच्याच हाताने. माहेर आणि सासर दोन्ही ‘राजे’ म्हणवणारी घराणी, आणि भांडण सुरू झालं ते मान कोणाचा यावरून.

मला वाटतं, लखुजींबद्दल बोलताना आपण हा प्रसंग घाईने उरकतो, कारण यात कोणाची बाजू घ्यावी ते कळत नाही. पण मोठ्या घरात जन्मणं म्हणजे काय, हे याच्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

मोगलांकडे का गेले?

१६२१मध्ये लखुजी मोगलांना मिळाले. निजामशाहीत मलिक अंबरच्या हाती सगळी सूत्रं एकवटली होती आणि जुन्या सरदारांना गुदमरल्यासारखं होत होतं. मोगलांनी जाधव घराण्यातल्या सगळ्यांच्या मिळून २४ हजार जात आणि १५ हजार स्वारांच्या मनसबी दिल्या. दख्खनच्या एका घराण्यासाठी हा आकडा प्रचंड होता. सिंदखेडच्या देशमुखाची बाजारातली किंमत किती होती, हे त्यावरून कळतं.

१६२४मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशाही फौज, तिच्यात लखुजी. दुसऱ्या बाजूला मलिक अंबर, आणि त्याच्याकडून लढणारे शहाजीराजे. सासरे-जावई पुन्हा समोरासमोर. लढाई मलिक अंबरने जिंकली.

१६२६मध्ये मलिक अंबर वारला. निजामशाहीचा कणा गेला, दरबारात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशी अवस्था झाली. लखुजी पुन्हा जुन्या धन्याकडे वळले. पक्ष बदलला म्हणून आजच्या चष्म्यातून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. त्या काळी सरदार देशाला नव्हे, धन्याला बांधलेला असे, आणि धनी बदलणं ही चालू पद्धत होती. फक्त त्याची किंमत कधी वसूल होईल, ते सांगता येत नसे.

२५ जुलै १६२९ला काय घडलं?

निजामशाहाने लखुजींना दौलताबादच्या किल्ल्यात भेटीला बोलावलं. सोबत अचलोजी आणि राघोजी ही दोन मुलं, आणि मारल्या गेलेल्या दत्ताजीचा मुलगा यशवंतराव. चौघं मुजऱ्यासाठी आत गेले आणि ठरवून ठेवलेले मारेकरी त्यांच्यावर तुटून पडले. आजोबा, दोन मुलं आणि नातू, चौघंही तिथेच संपले.

ज्या देवगिरीच्या यादवांचा वंश जाधव सांगत, त्याच किल्ल्यात.

वतन सरहद्दीवरचं होतं, मनसब बादशाही होती, किताब जुना होता. दरबाराच्या आत त्यातलं काहीच कामी आलं नाही. शस्त्र असतं तर कदाचित आलं असतं.

बातमी कळताच म्हाळसाबाई, लखुजींचे भाऊ जगदेवराव आणि मुलगा बहादूरजी सिंदखेडकडे निसटले आणि पुन्हा मोगलांच्या आश्रयाला गेले. शहाजीराजांनीही निजामशाही सोडली आणि १६३०मध्ये तेही काही काळ मोगलांकडे गेले. ज्या सासऱ्याशी रणात दोन हात केले, त्याच्या खुनानंतर त्यांना त्या दरबारात थांबणं नको झालं. निजामशाहाचा निकाल पुढे मलिक अंबरच्या मुलानेच, फत्तेखानाने लावला. १६३३मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतलं आणि १६३६मध्ये निजामशाही नकाशावरून पुसली गेली.

जिजाऊ त्या वेळी गरोदर होत्या. वडील, दोन भाऊ आणि भाचा गेल्याला सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

शिवरायांनी ‘राजे’वर का भागवलं नाही?

औरंगजेबाने १६६८मध्ये शिवरायांना ‘राजा’ हा किताब मान्य केला होता. पण तो बादशहाने दिलेला किताब. जो देतो तो काढूही शकतो, हे आजोबांच्या घराण्याने रक्त देऊन पाहिलेलं. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि ‘छत्रपती’ हे बिरुद कोणाच्या फर्मानाशिवाय आलं. जिजाऊंनी तो सोहळा पाहिला. १७ जूनला त्या पाचाडला गेल्या.

आता ‘राजे’ कोण?

कायद्याने कोणीच नाही. राज्यघटनेच्या कलम १८नुसार लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडले तर सरकारला किताब देता येत नाहीत. १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यताही गेली. नावापुढे लागतं ते प्रेमाने किंवा सवयीने.

इंग्रजीतही असंच झालं. ‘लॉर्ड’ घरभाडं घ्यायला लागला आणि ‘लँडलॉर्ड’ झाला. ‘मास्टर’ झिजून ‘मिस्टर’ झाला. ‘सर’ हा तिकडे किताब आहे आणि तो पहिल्या नावाला लागतो, म्हणून सर आयझॅक, सर न्यूटन नव्हे. आपल्याकडे तो नावाच्या मागे गेला. आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणारा प्रत्येक जण सर होता, लॅब असिस्टंटसुद्धा. आणि २०१३च्या आयपीएलमध्ये धोनीच्या ट्वीट्सनी रवींद्र जडेजाला ‘सर जडेजा’ करून टाकलं, राणीला न विचारता.

मराठीत ‘राव’ जावयाला न मागता मिळतो. नोकरी असो नसो, सासरी तो ‘रमेशराव’. इंग्रजांनी रावसाहेब आणि रावबहादूर हे किताब वाटले, ते पुढे बारशात ठेवायची नावं झाली.

सिंदखेड राजात लखुजींची घुमटाची मोठी समाधी आहे. २०२४मध्ये तिच्या जतनाचं काम सुरू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तिथे जमिनीखाली शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली आणि काही दिवस गाव टीव्हीवर झळकलं. राजवाड्यापासून समाधी लांब नाही. वाट सापडली नाही तर कोणालाही विचारा. उत्तराची सुरुवात बहुतेक ‘राजेहो’नेच होईल.