५ वॅट पुरेत म्हणणारा माणूस: पॉल क्लिप्श आणि वॅटच्या आकड्यामागचं गणित

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी डेक होता, त्यांना त्याचा खोका आठवत असेल. त्यावर ठळक अक्षरांत ‘पीएमपीओ’ लिहिलेलं असायचं आणि शेजारी वॅटचा घसघशीत आकडा. पाहुण्यांना गाणं ऐकवायच्या आधी तो आकडा दाखवला जायचा. आता डेक गेले, साउंडबार आले, पण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न अजून तोच आहे. किती वॅटचा आहे?

जास्त वॅट म्हणजे चांगला आवाज, हे आपण गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेत एक इंजिनिअर होऊन गेला, ज्याने जवळपास सगळं आयुष्य हे गृहीतक खोडण्यात घालवलं. जगाला गरज आहे ती ५ वॅटच्या एका चांगल्या ॲम्प्लिफायरची, असं त्याचं म्हणणं असल्याचं हाय-फायवाले आजही सांगतात. त्याचं नाव पॉल विल्बर क्लिप्श.

९ मार्च १९०४ रोजी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टमध्ये पॉलचा जन्म झाला. वडील पर्ड्यू विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवायचे. पॉल लहान असतानाच ते गेले, पण यंत्रं उघडून बघायचं वेड मुलात उतरलं होतं. १९१९ मध्ये, म्हणजे अमेरिकेत नियमित रेडिओ केंद्रं सुरू व्हायच्याही आधी, १५ वर्षांच्या पॉलने घरी रेडिओ बनवला. कानाला लावायच्या इयरफोनला पुठ्ठ्याची नळी जोडून त्याने स्पीकरही तयार केला. नळी लावली की तोच बारीक आवाज मोठा होतो, हे त्याला या वयात कळलं. पुढे जे काही झालं त्याचं मूळ या पुठ्ठ्याच्या नळीत आहे असं म्हणायला हरकत नाही.

१९२६ मध्ये न्यू मेक्सिकोतून त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. मग काही काळ जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी. तिथून थेट दक्षिण अमेरिकेत चिली, जिथे सोरा खाणींच्या रेल्वेची विजेवर चालणारी इंजिनं सांभाळायचं काम होतं. परत आल्यावर स्टॅनफर्डमधून १९३४ मध्ये पुढची पदवी आणि मग टेक्सासमध्ये जमिनीखालचं तेल शोधणाऱ्यांबरोबर काम. बायोडेटा बघितला तर हा माणूस स्पीकर बनवेल असं कुणालाही वाटणार नाही.

पण स्टॅनफर्डच्या दिवसांपासून एका गोष्टीने त्यांच्या डोक्यात घर केलं होतं. खोलीचा कोपरा.

इथे जरा थांबून स्पीकर काम कसं करतो ते बघू. आतला कागदी कोन पुढे-मागे हलतो आणि हवेला ढकलतो. अडचण अशी की कोन जड आणि हवा हलकी, त्यामुळे दोघांची पकड नीट बसत नाही. घरातल्या साध्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम १ टक्का किंवा त्याहूनही कमी ऊर्जेचा आवाज होतो. उरलेली सगळी उष्णता होऊन जाते. म्हणजे १०० वॅट दिले, तर त्यातल्या ९९ वॅटने आपण स्पीकरची कॉइल तापवतो.

यावरचा उपाय गावोगावच्या जत्रांमध्ये दिसतो. तो म्हणजे कर्णा, म्हणजेच आपला भोंगा. हळूहळू रुंद होत जाणाऱ्या नळीमुळे कोनाची आणि हवेची पकड बसते आणि तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त आवाज मिळतो. मात्र भोंग्यातून खर्ज येत नाही, कारण खालच्या सुरांच्या लहरी प्रचंड लांब असतात. ४० हर्ट्झच्या सुराची एक लहर साडेआठ मीटरच्या आसपास भरते. तिला पेलणारा कर्णा सरळ बांधला, तर तो ठेवायला दिवाणखाना कमी पडेल.

क्लिप्श यांनी दोन गोष्टी केल्या. कर्णा लाकडी कपाटात घडी घालून बसवला आणि ते कपाट कोपऱ्यात ठेवून खोलीच्या दोन भिंतींनाच कर्ण्याचं शेवटचं तोंड बनवलं. थोडक्यात, स्पीकरचा अर्धा भाग घरमालकाने आधीच बांधून ठेवलेला होता!

हा स्पीकर आकाराला आला तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं. लष्करात दाखल झालेल्या क्लिप्श यांची नेमणूक आर्कान्सामधल्या होप या छोट्या गावात, दारूगोळ्याची चाचणी घेणाऱ्या तळावर झाली. (हे तेच होप, जिथे १९४६ मध्ये बिल क्लिंटन जन्मले.) क्वार्टरमध्ये येणारे लोक तो स्पीकर ऐकायचे आणि हे विकायला काढा म्हणून मागे लागायचे. युद्ध संपल्यावर क्लिप्श होपमध्येच राहिले. १९४६ मध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. पहिला कामगार १९४८ मध्ये आला, तोवर सगळं स्वतःच. स्पीकरचं नाव पडलं क्लिप्शहॉर्न.

आता वॅटकडे येऊ. कुठल्याही स्पीकरची सेन्सिटिव्हिटी मोजली जाते, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते. लहान शेल्फवरचा स्पीकर साधारण ८५ डेसिबल देतो. क्लिप्शहॉर्नचा आकडा आहे १०५. फरक २० डेसिबलचा आणि २० डेसिबल म्हणजे वॅटच्या हिशोबात १०० पट. लहान स्पीकर १०० वॅट खाऊन जेवढा वाजेल, तेवढा हा १ वॅटमध्ये वाजतो.

दुसरीकडे, वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर विकून १०० वॅटचा आणणाऱ्याला एवढाच फरक मिळतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० पट वॅट लागतात.

पण क्लिप्श यांचा मुद्दा वीजबचतीचा नव्हताच. कोन जितका जास्त हलेल तितका आवाज बिघडतो. खर्जासाठी तो मोठे हेलकावे घेत असेल आणि त्याच वेळी वरचे सूरही वाजवत असेल, तर ते सूर थरथरतात. यावर क्लिप्श यांनी शोधनिबंध लिहिले. कर्ण्यामुळे कोनाला फार हलावं लागत नाही, म्हणून आवाज स्वच्छ राहतो, हे त्यांचं सूत्र. शिवाय १ वॅटच्या आत सगळं वाजणार असेल, तर ॲम्प्लिफायरचा तो पहिला वॅट चांगला हवा. १९६० च्या दशकातले कित्येक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर नेमके तिथेच मार खायचे. मोठ्या आवाजात ठीक, हळू आवाजात खरखरीत.

मग सगळ्यांनी क्लिप्शहॉर्नच का घेतले नाहीत? कारण १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी बरोबर उलटी वाट काढली. त्यांच्या एआर-१ या स्पीकरने लहानशा बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. बदल्यात सेन्सिटिव्हिटी गेली आणि वॅट जास्त लागू लागले. पाचएक वर्षांत स्टिरिओ आला, घरात दोन स्पीकर ठेवायची वेळ आली. चार फुटांहून उंच दोन कपाटं आणि दोन रिकामे कोपरे किती घरांत असणार? बाजार लहान पेट्यांकडे गेला. त्यांना वॅट हवे होते आणि ट्रान्झिस्टर ते स्वस्तात देत होता.

इथून वॅटची शर्यत लागली. कंपन्या मनाला येतील ते आकडे छापू लागल्या. शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की सलग किती वॅट मिळतात आणि तेव्हा आवाज किती टक्के बिघडतो हे सांगावंच लागेल. आपल्याकडचा पीएमपीओ मात्र पुढे कित्येक वर्षं बिनधास्त मिरवत राहिला. तो आकडा मोजायची एकच ठरलेली पद्धत नव्हती.

अशा दाव्यांसाठी क्लिप्श यांच्याकडे खास उत्तर होतं. कोटाच्या कॉलरमागे ते एक पिवळा बिल्ला लावून ठेवायचे. समोरचा फेकू लागला की कॉलर उलटायची. बिल्ल्यावर छापलेली शिवी वाचून समोरच्याला जे कळायचं ते कळायचं.

क्लिप्श सगळ्याच बाबतीत बरोबर होते असं नाही. कर्ण्याच्या आवाजाला स्वतःचा एक रंग असतो आणि तो अनेकांना खटकतो. जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे आपोआप चांगला आवाज, हेही वॅटसारखंच अर्धसत्य आहे. आणि वॅट अगदीच निरुपयोगीही नाहीत. ऑर्केस्ट्रात ढोलावर टोला पडतो तेव्हा क्षणभर सरासरीच्या १०० पट ताकद लागू शकते. लहान स्पीकरवर तेव्हा ॲम्प्लिफायर कमी पडला, तर लहरीचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. स्वतः क्लिप्श यांनीही कोपऱ्याचा हट्ट थोडा सोडला. १९५७ मध्ये कोपरा न लागणारा लहान स्पीकर काढला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं हेरसी, म्हणजे पाखंड.

१९८९ मध्ये त्यांनी कंपनी नात्यातल्या फ्रेड क्लिप्श यांच्याकडे सोपवली. ५ मे २००२ रोजी, ९८ व्या वर्षी, होपमध्येच त्यांचं निधन झालं. त्या वेळी मी बालवाडीतही नव्हते.

क्लिप्शहॉर्न आजही होपमध्ये बनतो. त्याच कंपनीचे सबवूफरही आता मिळतात. लहान पेटीतून खर्ज काढायचा तर ताकद लागणारच, त्यामुळे त्यांच्या खोक्यांवर शेकडो वॅटचे आकडे छापलेले असतात.