विष्णुदास भावे : राजाश्रयानंतरची वाटचाल

इ. स. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर करणारे विष्णुदास भावे यांची खरी कसोटी १८५१ नंतर लागली. त्या वर्षी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन निवर्तले आणि राजाश्रय संपला. आख्याने व पदे रचणाऱ्या भाव्यांवर आता मंडळींच्या निर्वाहाचाही भार आला. त्यांनी दौरे काढले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. दरबारच्या मर्जीची जागा प्रेक्षकाच्या पैशाने घेतली, हे स्थित्यंतर पहिल्या प्रयोगाइतकेच महत्त्वाचे मानावे लागते.

मात्र या पद्धतीत एक उणीव होती. पदे रचलेली असली तरी संवाद नट आयत्या वेळी बोलत; त्यामुळे अनुकरण सोपे होते. इचलकरंजीकर, अळतेकर अशा मंडळ्या त्याच वाटेने निघाल्या. थळघाटातून रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली आणि मुंबईहून नाशिक रोडकडचा प्रवास सुकर झाला. तोवर भावे नाट्यव्यवसायातून निवृत्त झाले होते. त्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून निघाला तो १८८५ मध्ये. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले.