शंकर नाग : कायद्याच्या चार बाजू

कन्नड चित्रपटात वास्तवदर्शी गुन्हेकथा रुजविणाऱ्यांमध्ये शंकर नाग यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ रोजी होन्नावर तालुक्यात झाला. उत्तर कन्नड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात मोडत असे, आणि कोकणीभाषक घरांतील तरुणांना मुंबईची वाट परकी नव्हती. शंकरही त्याच वाटेने मुंबईस आले व तेथील मराठी रंगभूमीवर वावरू लागले. १९७८ साली गिरीश कर्नाड यांच्या ‘ओंदानोंदु कालदल्लि’ या चित्रपटात त्यांनी भाडोत्री योद्ध्याची भूमिका केली आणि तिच्यामुळे ते प्रकाशात आले.

कायदा आणि माणूस यांचा संघर्ष हा त्यांच्या कारकिर्दीतील एक सलग धागा आहे. त्याचा आरंभ मराठीत झाला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चित्रपटाच्या लेखनात शंकर यांचा वाटा होता. चापेकर बंधूंनी पुण्यात केलेल्या रँडवधाची ही कथा. येथे कायदा परक्या सत्तेचा, आणि तो दिसतो बंडखोराच्या बाजूने. पुढे ‘मिंचिन ओट’ (१९८०) या स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात त्यांनी तोच कायदा मोटारचोरांच्या नजरेतून पाहिला.

अमेरिकेत ‘द नेकेड सिटी’ने (१९४८) पोलीसकथा न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर आणली होती, तर ‘सर्पिको’ने (१९७३) एका हयात पोलिसाचा एकाकी प्रामाणिकपणा पडद्यावर मांडला होता. हिंदीत विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरील ‘अर्धसत्य’ने (१९८३) राजकारणापुढे हतबल झालेला फौजदार दाखविला. शंकर यांचा ‘अ‍ॅक्सिडेंट’ (१९८५) याच कुळातला. पुढाऱ्याच्या मुलाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडते. तपास योग्य दिशेने जाऊ लागताच सत्ता त्याचा गळा आवळते. येथे कथेच्या केंद्रस्थानी बळी आहे. शंकर यांनी स्वतः पत्रकाराची भूमिका केली. चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

यानंतर तीनच वर्षांनी ते ‘सांग्लियाना’ (१९८८) मध्ये पोलीस झाले. एच. टी. सांग्लियाना या प्रत्यक्षातील अधिकाऱ्याच्या नावावर बेतलेला हा नायक वेष पालटून गुन्हेगारांच्या मागावर राहतो आणि विजयी होतो. तो इतका लोकप्रिय ठरला की १९९० मध्ये दुसरा भाग निघाला. ‘अ‍ॅक्सिडेंट’ने यंत्रणेविषयी जो प्रश्न विचारला होता, त्याला या चित्रपटाने व्यक्तीच्या रूपाने उत्तर दिले. हे उत्तर दिलासा देणारे होते. पण त्याने प्रश्न मिटत नव्हता. या दोन्ही चित्रपटांत एकच मनुष्य उभा होता, आणि म्हणूनच एकावाचून दुसऱ्याचे मूल्यमापन अपुरे राहते. सामान्य प्रेक्षकाला न्यायाची भूक किती आहे, हे ‘सांग्लियाना’ सांगतो. ती भूक का भागत नाही, हे ‘अ‍ॅक्सिडेंट’.

३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ अनगोडू येथे मोटार अपघातात शंकर नाग यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते. ‘ऑटो राजा’ (१९८०) मधील रिक्षाचालकाला बेंगळुरूच्या रिक्षावाल्यांनी आपला मानले, आणि त्यांच्या रिक्षांवर शंकर यांचे चित्र पुढेही झळकत राहिले. पत्नी अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने २००४ साली त्या शहरात ‘रंग शंकर’ हे नाट्यगृह उभे राहिले. बंडखोर, चोर, बळी आणि पोलीस अशा चारही बाजूंनी कायद्याकडे पाहणारा हा कलावंत रस्त्यावर आणि रंगमंचावर सारखाच स्मरणात राहिला.