विदूषक स्टॅन लॉरेल

आपल्याकडे ज्या इंग्रजी बोलपटांतील जोडीस लोक ‘जाड्या-रड्या’ या नांवानें ओळखतात, तींतील रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. पडद्यावर हा गृहस्थ इतका मंद दिसतो कीं, डोकें खाजविणें व रडणें यांपलीकडे त्यास कांहीं येत असेल असें वाटत नाहीं. जाड्या हार्डी त्यास रागें भरतो, शहाणपण शिकवितो आणि शेवटीं स्वतःच पाण्यांत पडतो. परंतु त्या पटांतील बहुतेक युक्त्या ज्या डोक्यांतून निघाल्या, तें डोकें या रड्याचेंच होतें.

त्याचें मूळ नांव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. जन्म इंग्लंडांतील अल्व्हर्स्टन या गांवीं ता. १६ जून १८९० रोजीं झाला. वडील नाटकगृहाचे व्यवस्थापक असल्यामुळें रंगभूमीचें वेड त्यास घरींच लागलें. सोळाव्या वर्षीं ग्लासगो येथें तो प्रथम रंगमंचावर उभा राहिला व पुढें फ्रेड कार्नो यांच्या नाटक मंडळींत शिरला. तेथें मुख्य नट होता चार्ली चॅप्लिन; लॉरेल त्याचा बदली. १९१० सालीं दोघेहि एकाच जहाजानें अमेरिकेस गेले. चॅप्लिन थोड्याच वर्षांत जगप्रसिद्ध झाला. लॉरेल मात्र दीर्घकाळ लहानसहान नाटकगृहांतून व मूकपटांतून दिवस काढीत राहिला.

१९२६ सालीं हॅल रोच यांच्या चित्रसंस्थेंत तो लेखन-दिग्दर्शन करीत असे. नटाचा पेशा त्यानें जवळजवळ सोडलाच होता. इतक्यांत ऑलिव्हर हार्डी या नटाचा हात घरीं मांस भाजतांना कढत चरबीनें पोळला. त्याच्या जागीं कोणीतरी हवें म्हणून लॉरेलला पुन्हां तोंडास रंग लावावा लागला. पुढच्याच वर्षीं दोघांची जोडी जमली. जिन्यावरून पियानो चढविण्याची ती प्रसिद्ध फजिती, ‘द म्युझिक बॉक्स’, १९३२ सालीं ऑस्कर पारितोषिकास पात्र झाली.

हार्डी गुणी नट खरा. पण चित्रण संपलें कीं तो गॉल्फ खेळावयास जाई. लॉरेल मागें राही. तयार झालेला पट प्रथम साध्या नाटकगृहांत सामान्य प्रेक्षकांस दाखवीत. लोक कोठें हसले, किती वेळ हसले, हें पाहून फीत पुन्हां कापीत व जोडीत; हेतु हा कीं, एका हशांत पुढलें वाक्य बुडूं नये. घरीं एकट्यानें हे पट पाहणारा आजचा मुलगा तक्रार करतो कीं, हीं माणसें फार वेळ नुसतीं बघत राहतात. त्यानें तोच पट शे-दोनशें मुलांच्या मेळ्यांत पाहावा, म्हणजे ती रिकामी जागा कोणासाठीं ठेविली होती तें त्यास ऐकूं येईल.

‘वे आउट वेस्ट’ (१९३७) हा साहसाचा विनोदपट पुष्कळांच्या मतें त्यांचा सर्वांत चांगला, व मला तें मत पटतें. एका अनाथ मुलीच्या सोन्याच्या खाणीचा कागद तिच्या हातीं देण्यास हे दोघे खेचरासह निघतात, आणि तो भलत्याच बाईच्या हवालीं करून बसतात. कागद परत न मिळाल्यास तुझी टोपी खाईन, अशी पैज लॉरेल मारून बसतो. हार्डी ती खावयास लावतो. प्रथम रडत रडत आणि मग मीठ लावून चवीनें तो टोपी खाऊं लागतो, तेव्हां हार्डीहि हळूच एक तुकडा चाखून पाहतो! नृत्याच्या प्रसंगीं तर कथानक थांबतें, आणि त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं.

त्याचे विवाह अनेकदां मोडले; तें वर्णन येथें नको. शेवटचा मात्र टिकला. १९३० सालीं त्याचा मुलगा जन्मानंतर नऊ दिवसांनीं वारला. १९४० नंतर मोठ्या चित्रसंस्थांनीं या जोडीस घेतलें खरें. पण लॉरेलला लेखनांत वा फीत जोडण्यांत हात घालूं दिला नाहीं. ते पट फिके उतरले, आणि प्रेक्षकांनाहि तें कळलें.

तथापि १९५३ सालीं हे वृद्ध विदूषक आयर्लंडांतील कोव्ह बंदरीं उतरले, तेव्हां धक्क्यावर अपार गर्दी होती. बोटींचे भोंगे वाजले, आणि मागोमाग तेथील मंदिराच्या घंटांनीं त्यांच्या पटांतील परिचित सूर वाजविला. दोघांच्याहि डोळ्यांस पाणी आलें. पडद्यावरचें तें रडणें नव्हतें.

१९५६ सालीं हार्डीस अर्धांगवायूचा झटका येऊन त्याची वाचा गेली; ता. ७ ऑगस्ट १९५७ रोजीं तो वारला. लॉरेल स्वतः आजारी असल्यानें अंत्यविधीस जाऊं शकला नाहीं. त्यानंतर त्यानें पुन्हां कधींहि रंगमंचावर वा कॅमेऱ्यापुढें काम केलें नाहीं. पण दोघांसाठीं नवे विनोद तो लिहीत राहिला, असें म्हणतात. १९६१ सालीं मिळालेलें सन्मानाचें ऑस्कर त्याच्या वतीनें दुसऱ्यानें स्वीकारलें.

शेवटचीं वर्षें सांता मोनिका येथील लहानशा घरांत गेलीं. टेलिफोनच्या पुस्तकांत त्याचें नांव व क्रमांक इतरांप्रमाणेंच छापलेला असे. कोणीहि अनोळखी माणसानें विचारावें आणि रड्यानें स्वतः उत्तर द्यावें, असा क्रम ता. २३ फेब्रुवारी १९६५ रोजीं तो मृत्यु पावेपर्यंत चालला. पत्रांचीं उत्तरें तो स्वतः टाइप करून पाठवी.