संत जियान्ना: आवरून ठेवलेले कप्पे

आजचे वाचन: नीतिसूत्रे 31:10-31



नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली ती कर्तबगार गृहिणी आपल्याला हमखास भेटते ती दोन ठिकाणी. लग्नाच्या मिस्सात, नाहीतर एखाद्या आईच्या अंत्यविधीत. पहाटे उठणं, घर, व्यवहार, दारी आलेला गरीब, सगळं तिच्याच अंगावर. खरं सांगायचं तर ती यादी वाचूनच मला दमायला होतं. म्हणून हे वाचन आलं की मी शेजारी एका खऱ्या बाईला बसवते: संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला. तिचा सण 28 एप्रिलला असतो.

जियान्नाची गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यापासून सांगतात. बाळासाठी जीव दिलेली आई, एवढंच. ते खरंच आहे, पण त्याआधी ती एकोणचाळीस वर्षं जगली होती आणि त्या वर्षांत पुष्कळ काही आहे.

तिचा जन्म 4 ऑक्टोबर 1922 चा, इटलीत मिलानजवळच्या माजेंता गावचा. तेरा भावंडांतली ती दहावी. 1942 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने आई आणि वडील दोघंही गेले. त्याच वर्षी तिनं वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, तेही महायुद्ध चालू असताना. 1949 मध्ये पाविया विद्यापीठातून डॉक्टर झाली, पुढच्या वर्षी शेजारच्या मेसेरो गावात दवाखाना काढला आणि 1952 मध्ये बालरोगतज्ज्ञ झाली.

या सगळ्या काळात तिचा दुसरा पाय कायम धर्मग्रामात होता. 'कॅथलिक अॅक्शन'मध्ये ती मुलींचा गट चालवायची. सभा, रिट्रीट, सहली, सगळं आलं त्यात. संत विन्सेंट डी पॉल संस्थेतर्फे म्हाताऱ्या, गरजू माणसांच्या घरी जायची. आपल्यापैकी जे रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा वर्ग घेतात त्यांना हे काम माहीत आहे. त्यात नाव होत नाही. कोण आलं, कोण नाही, पुढच्या वेळी काय घ्यायचं, यातच आठवडा जातो. जियान्नानं हे वर्षानुवर्षं केलं. शिवाय तिला डोंगर आवडायचे, स्कीइंग आवडायचं, पियानो आवडायचा, चांगले कपडेही आवडायचे. (हे मुद्दाम सांगतेय. भक्त म्हणजे उदास चेहरा, असं वाटणारे आपल्यात अजून आहेत.)

तिच्या घरात धर्मगुरू होते, धर्मभगिनी होती. एक भाऊ कॅपुचिन मिशनरी आणि डॉक्टर म्हणून ब्राझीलमध्ये होता. बहीण व्हर्जिनिया हीसुद्धा डॉक्टर, कनोशियन सिस्टर, आणि तिचं मिशन होतं आपल्या भारतात. जियान्नालाही ब्राझीलला भावाच्या मदतीला जायचं होतं, पण तब्येत साथ देईना. मग देवाला आपल्याकडून नक्की काय हवंय, हे शोधायला तिनं वेळ घेतला. संसार हेच आपलं पाचारण, हे उमगल्यावर मात्र ती पूर्ण मनानं त्यात उतरली.

पिएत्रो मोल्ला तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, पेशाने इंजिनिअर (आमच्या जमातीतला!), काड्यापेट्यांच्या मोठ्या कारखान्यात अधिकारी. 24 सप्टेंबर 1955 ला माजेंताच्या संत मार्टिन चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं. पुढच्या चार वर्षांत पिएरलुइजी, मारियोलीना आणि लाउरा अशी तीन मुलं. दवाखाना चालूच होता. त्यात भर म्हणून ती त्यांच्या गावातलं पाळणाघर आणि मातांचं सल्लाकेंद्र सांभाळत होती. पिएत्रोनं नंतर कबूल केलं की आपण एका संतिणीबरोबर राहतोय हे त्याला कधी जाणवलंच नाही. मला तर तिच्याबद्दलची ही सर्वांत मोठी साक्ष वाटते.

1961 मध्ये चौथ्या वेळी दिवस राहिले आणि दुसऱ्याच महिन्यात गर्भाशयात गाठ सापडली. ती स्वतः डॉक्टर, त्यामुळे काय काय होऊ शकतं हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गर्भाशय काढलं असतं तर तिच्या जिवाला धोका सगळ्यात कमी होता. बाळ वाचलं नसतं, पण बाळाला मारणं हा त्या शस्त्रक्रियेचा हेतू नसल्यामुळे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनं तिला अडवलं नसतं. म्हणजे तिच्यावर नियमाची सक्ती नव्हती. हे आपण फार वेळा विसरतो. तिनं फक्त गाठ काढायला सांगितलं, बाळाला धक्का न लावता. 6 सप्टेंबरला मोंझाच्या रुग्णालयात ती शस्त्रक्रिया झाली.

नंतरचे सात महिने ती नेहमीसारखी राहिली. रुग्ण तपासले, मुलांचं केलं. पिएत्रोला एक गोष्ट मात्र दिसत होती. ती घरातला कोपरान् कोपरा, एकेक कप्पा, एकेक कपडा शांतपणे आवरत होती, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखी. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बाळंतपणाच्या थोडे दिवस आधी मात्र तिनं त्याला स्पष्ट बजावलं की दोघांतून एकाला निवडायची वेळ आली तर बाळाला निवडा.

मरायची हौस तिला नव्हती. दोघंही वाचावीत म्हणून ती प्रार्थना करत होती. तीन लहान मुलं घरी असताना हा निर्णय बरोबर होता का, असं मला मैत्रिणी विचारतात. मलाही तो प्रश्न टोचतो आणि मी तो झटकून टाकत नाही. एवढंच दिसतं की ती चौघांचीही आई होती, आणि चौथ्याला तिच्याशिवाय दुसरा वकील नव्हता.

21 एप्रिल 1962, पवित्र शनिवार. सिझेरियननं मुलगी झाली, जियान्ना इमॅन्युएला. लगेच आईला पोटात जंतुसंसर्ग झाला. भारतातून आलेली सिस्टर व्हर्जिनिया त्या दिवसांत तिच्या उशाशी होती. आठवडाभर असह्य वेदना सोसून 28 एप्रिलला सकाळी जियान्नानं आपल्या घरी डोळे मिटले.

पिएत्रोनं पुन्हा लग्न केलं नाही. दोन वर्षांनी सहा वर्षांची मारियोलीनाही गेली. उरलेल्या तिघांना त्यानं वाढवलं. 16 मे 2004 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी जियान्नाला संतपद जाहीर केलं, तेव्हा एक्याण्णव वर्षांचा पिएत्रो संत पीटरच्या चौकात हजर होता. बरोबर मुलं होती. धाकटी तर आईसारखीच डॉक्टर झालेली.

आजची एक नमो मरिया बाळंतपणात आई गमावलेल्या मुलांसाठी, आणि त्यांना एकट्यानं वाढवणाऱ्या बापांसाठी.