कापसाच्या पैशातून परदेशाची वाट

नागपूरला एम्प्रेस मॉलमध्ये गेलात तर पिक्चरला आत शिरण्याआधी एक मिनिट थांबा. ज्या जागेवर तुम्ही उभे आहात, तिथे कधीकाळी गिरणीचा भोंगा वाजायचा. एम्प्रेस मिल. ती उभी करणारा माणूस म्हणजे जमशेदजी टाटा. टाटा म्हटलं की आपल्याला मीठ, ट्रक आणि ताज हॉटेल आठवतं. पण तुमच्या-माझ्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सुरू केलेली एक गोष्ट १८९२ पासून आजही चालू आहे. आज तिच्याबद्दल बोलू.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मात्र पूजाअर्चा सोडून मुंबईत व्यापाराला लागले आणि त्यांनी मुलालाही शिकायला तिकडेच बोलावलं. जमशेदजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये 'ग्रीन स्कॉलर' म्हणून बाहेर पडले. त्या काळात ही जवळपास पदवीच. मग वडिलांच्या धंद्यासाठी हाँगकाँग. हा धंदा कापसाचा होता, तसाच अफूचाही होता. ही बाजू सहसा सांगितली जात नाही, पण माहीत असायला हवी.

आता गोष्ट आपल्या वऱ्हाडात येते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. भाव आभाळाला भिडले. याच तेजीत टाटांनी जमशेदजींना लंडनला पाठवलं. अन् युद्ध संपलं! भाव धाडकन कोसळले. हातातल्या हुंड्या कागदाच्या तुकड्यांसारख्या झाल्या. वय पंचविशीच्या आसपास, परका देश आणि दारात देणेकरी.

जमशेदजींनी पळ काढला नाही. सगळे हिशेब देणेकऱ्यांसमोर मांडले, खरं काय ते सांगून टाकलं. त्या लोकांनी त्यांच्यावर एवढा भरवसा ठेवला की त्यांच्याच पेढीची देणी मिटवायचं काम महिना २० पौंडांवर त्यांनाच दिलं. इकडे मुंबईत वडिलांनी राहतं घर विकलं. घरात कर्जाचा विषय निघाला की सगळे गप्प होतात, हे आपल्याकडच्या कोणत्या पोराला वेगळं सांगायला नको. जमशेदजींनी ते पंचविशीत भोगलं होतं.

१८६८ मध्ये २१,००० रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि नफ्यात विकली. लँकेशायरला जाऊन धंदा नीट पाहिला. आणि मग सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना हा माणूस नागपूरला आला. कारण साधं होतं. कापूस इथे पिकतो, रेल्वे इथवर आली आहे, कोळसाही जवळ आहे. मग इथल्या रुईच्या गाठी समुद्रापार पाठवून तिचंच कापड परत विकत का घ्यायचं? १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. तेव्हा कोणताही कायदा हे मागत नव्हता.

पैसा आला, तेव्हा त्यांनी कॉलेजच्या पोरांकडे पाहिलं. हुशार मुलं होती, पण परदेशात शिकायला पैसा नव्हता. १८९२ मध्ये त्यांनी त्यासाठी निधी उभारला. तो आधी फक्त पारशी मुलांसाठी होता, दोनच वर्षांत सगळ्या जातीधर्मांसाठी खुला केला. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत डॉक्टर फ्रेनी कामा होत्या, कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर होत्या. ज्या काळात मुलींना शाळेत पाठवतानाही लोक दहादा विचार करायचे, तो हा काळ. पुढे के. आर. नारायणन याच मदतीवर लंडनला शिकले आणि राष्ट्रपती झाले. आपले जयंत नारळीकरही हीच शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेले.

पण एक गंमत आहे. ही शिष्यवृत्ती फुकट नाही, ते कर्ज आहे. शिकून कमवायला लागलात की परत करायचं, म्हणजे तोच पैसा पुढच्या पोराला मिळतो. मला आधी हे जरा कंजूषपणाचं वाटलं होतं. एवढा मोठा माणूस, देऊन टाकायचे ना! मग लंडनचा प्रसंग आठवला. त्यांना कुणी दान दिलं नव्हतं, भरवसा दिला होता. माझ्या मते त्यांनी आपल्यालाही तेच दिलं. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. ज्याच्यावर भरवसा ठेवला जातो, तो ताठ मानेने परत येतो.

१८९८ मध्ये त्यांनी विज्ञानाच्या विद्यापीठासाठी आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा, म्हणजे सुमारे ३० लाख रुपयांचं उत्पन्नाचं साधन, देऊ केलं. सरकार चालढकल करत राहिलं. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये उभी राहिली, पण ती पाहायला जमशेदजी नव्हते. १९ मे १९०४ ला जर्मनीत त्यांचं निधन झालं होतं.

आज आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचं राज्य आहे आणि कारंजावरून कापूस नेणारी शकुंतला रेल्वेही थांबली आहे. पण त्या निधीचे अर्ज अजूनही निघतात. पदवी झाली की भरता येतात, मग मुलाखत होते. परदेशी शिक्षण पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम, असं म्हणून वाशिमच्या कट्ट्यावर विषय संपवू नका. तुमच्यावर भरवसा ठेवायची तयारी एका माणसाने तुमच्या पणजोबांच्या काळातच करून ठेवली आहे. निदान अर्ज तरी भरा.